दुसरा बॉल: एकटीने खेळलेल्या गोल्फच्या 14 फेऱ्यांची वही

वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं: "एकटीने खेळायचं, निवांत. सगळं सुधारायचं." पहिल्या तीन फेऱ्या त्या "सगळं"मध्येच वाहून गेल्या.

काय व्हायचं ते सांगते. ड्राइव्ह (होलचा पहिला, लांबचा शॉट) उजवीकडे झाडीत गेला की मी मागे बघायचे, कोणी येत नाही ना? मग खिशातून दुसरा बॉल काढायचा आणि मारायचा. तो हटकून सरळ जायचा. "हा माझा खरा शॉट" असं ठरवून त्याच्यावरच पुढे खेळायचं आणि पहिला उचलून खिशात टाकायचा. ग्रीनवरही, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरही, तीच तऱ्हा. चार फुटांचा पट (होलमध्ये बॉल ढकलायचा फटका) हुकला की बॉल परत तिथेच ठेवून पुन्हा मारायचा. घरी जाताना जीव खूश. आणि चौघांत खेळायला गेले की स्कोअर पुन्हा 96 नाहीतर 97 (फटके जितके कमी तितकं चांगलं). हँडिकॅप (खेळाडूच्या पातळीचा आकडा, तोही कमी तितका चांगला) 21 वर जो बसला, तो हलायला तयार नाही.

फेरी 4

वहीत दोन रकाने पाडले, पहिला बॉल आणि दुसरा बॉल. दुसरा मारायची बंदी नव्हती, फक्त लिहायचं. नऊ होलमध्ये अकरा वेळा दुसरा बॉल मारला. त्यातले आठ पहिल्यापेक्षा चांगले.

आधी वाटलं, म्हणजे स्विंग ठीक आहे, डोकंच ठिकाणावर नाही. दोन दिवसांनी वही उघडली तेव्हा खरी मेख लक्षात आली. मी दुसरा बॉल मारते कधी? पहिला वाईट गेल्यावरच. चांगल्या शॉटनंतर कधी दुसरा मारून बघितलाच नाही. वाईट शॉटच्या शेजारी माझा रोजचा साधारण शॉट ठेवला तरी तो उजळच दिसणार! शिवाय दुसऱ्या वेळी वारा कळलेला असतो, ग्रीनचा उतार कळलेला असतो, आणि हुकला तरी कोणाचं काही जात नाही. म्हणजे ते आठ चांगले शॉट सुधारणेचा पुरावा नव्हतेच. मी स्वतःची समजूत घालत होते, एवढंच.

त्या दिवसापासून एकच नियम: दुसरा बॉल मारायचा की नाही हे पहिला मारायच्या आधी ठरवायचं. मारायचा असेल तर दोन्ही आधीच काढून ठेवायचे, आणि पहिला कसाही गेला तरी दुसरा मारायचा. पहिला फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) मधोमध पडला तरीही. हे सोपं वाटतं, पण उत्तम ड्राइव्हनंतर पुन्हा टी (बॉल ठेवायची खुंटी) खोचायला हात होत नाही. तो शॉट तसाच जपून ठेवावासा वाटतो.

(ओघात: अशी फेरी स्पर्धेच्या हिशोबात धरता येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, होल चालू असताना सरावाचा शॉट मारला तर दोन स्ट्रोकचा दंड आहे. होल संपल्यावर त्या ग्रीनजवळ किंवा पुढच्या टीजवळ, म्हणजे जिथून होल सुरू होतो तिथे, पट किंवा चिपचा (ग्रीनच्या कडेवरून मारायच्या छोट्या फटक्याचा) सराव साधारणपणे चालतो, खेळ रेंगाळू दिला नाही तर. आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तर 2016 पासून एकट्याने खेळलेल्या फेरीचा स्कोअर हँडिकॅपसाठी घेणंच बंद केलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता त्यातच सोय दिसते. ज्या फेरीचा स्कोअर कुठेच जाणार नाही, तिथे स्कोअरची काळजी करायची कशाला?)

फेरी 6: वाईट बॉलचा खेळ

दोन बॉल मारायचे आणि जो वाईट पडला असेल तिथूनच पुन्हा दोन मारायचे. थेट होल संपेपर्यंत. नऊ होलला 63 लागले. सहाव्या होलवर तर मी बंकरमध्येच, वाळूच्या खड्ड्यात, मुक्काम ठोकला होता.

पण हा खेळ जे दाखवतो ते दुसरं काहीच दाखवत नाही. मला वाटलं होतं ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) मारून टाकेल. ड्रायव्हरने इतका त्रास दिलाच नाही. खरा मार बसला चार-पाच फुटांच्या पटने, कारण इथे एक पट जाऊन भागत नाही, दोन्ही जावे लागतात. एखादा पट तुम्ही पाचात चार वेळा घालत असाल, तर लागोपाठ दोन्ही जायची शक्यता शंभरात 64 वर येते. आणि मी पाचात चार घालत नाही, हे तिथेच कळलं. धीर देणारी गोष्ट एवढीच की पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. टीव्हीवर आपल्याला बाकीचे निम्मे सहसा दिसत नाहीत.

हा खेळ महिन्यात एकदाच खेळायचा असं ठरवलंय. दर आठवड्याला खेळलं तर माणूस गोल्फ सोडून देईल.

फेरी 7 ते 10: ग्रीनपर्यंत पोचायचं कसं

या चार फेऱ्यांनी सगळ्यात जास्त दिलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी स्ट्रोक्स गेन्डची पद्धत मांडली. पटिंगसाठी पीजीए टूरने ती 2011 मध्ये वापरायला घेतली. प्रत्येक शॉट आधी आणि नंतर होलपासून किती लांब होता, यावरून त्या शॉटने किती कमावलं नि किती गमावलं ते काढायचं, हे त्याचं सूत्र. चांगल्या आणि साधारण खेळाडूंमधल्या फरकाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग 100 यार्डांच्या बाहेरच्या शॉटमध्ये असतो, असा त्यांचा निष्कर्ष. मी मात्र वर्षानुवर्षं "पट सुधारला की स्कोअर सुधारतो" हेच घोकत आले होते.

मग ठरवलं, चार फेऱ्या एकच प्रश्न विचारायचा: 120 ते 160 यार्डांवरून माझा बॉल नेमका कुठे पडतो? दिशा सोडून द्यायची. पडला तो झेंड्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच लिहायचं. फक्त पहिला बॉल.

27 शॉट झाले. 21 अलीकडे. त्यातले निम्म्याहून जास्त ग्रीनला पोचलेही नव्हते.

तोंडात मारल्यासारखं झालं. माझा 7 आयर्न (आयर्न क्लबचा आकडा जितका लहान तितका बॉल लांब) 135 यार्ड जातो असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगायचे. जातो ना, दहात एकदा, अगदी मधोमध लागला तर. उरलेले नऊ 120 ते 128 च्या मध्ये कुठेतरी. मी क्लब निवडत होते त्या एका शॉटवरून.

नवव्या फेरीत म्हणून दोन बॉल ठेवले. एक मला वाटेल त्या क्लबने, दुसरा त्याच्याहून एक क्लब मोठा (जास्त लांब मारणारा, 7 ऐवजी 6) घेऊन. दोन्ही आधी ठरवलेले, आणि कुठला आधी मारायचा ते होल बदलला की आलटून पालटून, नाहीतर पुन्हा तोच दुसऱ्या बॉलचा लाड. मोठ्या क्लबचा बॉल ग्रीनच्या मागे जाईल ही माझी जुनी भीती. दोन फेऱ्यांत 15 वेळा मोठा क्लब मारला, मागे गेले दोन. बाकीचे ग्रीनवर, किंवा निदान अशा जागी की पटरने ढकलता यावेत.

चौघांच्या खेळात हे करताच आलं नसतं. 130 यार्डांवरून कुणी 6 आयर्न काढला की शेजारचा भुवया उंचावतो, आणि आपण मुकाट 7 वर येतो. एकटीने खेळायचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. आपल्या क्लबकडे बघायला कोणी नसतं.

दोनाच्या वर बॉल मात्र कधीच मारत नाही. एकाच जागेवरून पाच मारले की कोर्सची रेंज (नुसत्या सरावाची जागा) होते. शे आणि मॉर्गन यांचा 1979 चा एक प्रयोग आहे, गोल्फचा नाही, हाताच्या हालचालींचा. एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणारे सरावात पुढे होते, पण काही दिवसांनी तपासलं तेव्हा हालचाली मिसळून सराव केलेलेच सरस निघाले. कोर्सवर ही मिसळ आयतीच मिळते: ड्रायव्हर, मग वेज, मग पट, मधे चालणं. ती आपल्याच हाताने कशाला मोडायची? शिवाय दोन बॉल म्हणजे दोन डिव्हट (क्लबने गवत उखडलेल्या जागा) आणि ग्रीनवर दोन खड्डे. ते दोन्ही बुजवायचे, एक नाही.

वेगाबद्दल

एकटीची फेरी फार भराभर होते आणि ते चांगलं नाही. आठव्या फेरीत 18 होल अडीच तासांत संपले. शेवटच्या पाच होलमध्ये सरावाचा स्विंगसुद्धा घेतला नव्हता, ते वहीतल्या अक्षरावरूनच दिसतं. आता बॅग बॉलपासून चार पावलं मागे ठेवते. क्लब घेऊन तेवढं चालत येताना श्वास जागेवर येतो. पुढे चौघं असतील तर मागे ताटकळत उभं न राहता नुकत्याच संपलेल्या ग्रीनच्या कडेला दोन चिप. मागून कोणी वेगाने आलं तर त्यांना आधी जाऊ देते आणि त्या होलवर एकच बॉल.

फेरी 11

नऊच होल खेळले, मग सराव-ग्रीनवर नऊ जागांचा खेळ. ग्रीनभोवती नऊ वेगवेगळ्या जागा, प्रत्येक ठिकाणाहून एक चिप आणि मग होलमध्ये जाईपर्यंत पट. प्रत्येक जागेला पार (अपेक्षित फटके) दोन, एकूण 18. माझे 26. आठवड्याने 24, मग परत 27. अजून यातून काही निष्कर्ष काढवत नाही.

फेरी 12 आणि 13

पाऊस. सहा होल. दुसऱ्या दिवशी उरलेले बारा, मन लागलं नाही.

फेरी 14

एक बॉल, पूर्ण कार्ड, सगळे नियम. दुसरा बॉल बॅगेच्या तळाशी, खिसे रिकामे. हे मुद्दाम, कारण खिशात असला की हात जातोच.

पंधरा होल बरे गेले. 120–160 च्या टप्प्यात आठ शॉट, आठही वेळा एक क्लब मोठा, पाच ग्रीनवर. सोळाव्या टीवर ड्राइव्ह उजवीकडे, थेट झाडीच्या तोंडाशी. सापडेल न सापडेल. शोधायला तीन मिनिटं, नाही सापडला तर एक स्ट्रोक दंड आणि परत इथूनच. म्हणजे प्रोव्हिजनल (पहिला हरवलाच तर म्हणून तात्पुरता बॉल) मारायला हवा होता, आणि तो मारण्याआधी तसं सांगावं लागतं. सांगायला आसपास चिटपाखरू नव्हतं. तरी बॅगेच्या तळातून बॉल काढला आणि रिकाम्या टीवर मोठ्याने म्हणाले, "प्रोव्हिजनल."

हा नियमाने मिळालेला पहिलाच दुसरा बॉल. यावर स्कोअर अवलंबून होता. टॉप झाला (क्लब बॉलच्या डोक्यावर लागला), 60 यार्डही गेला नाही.

पहिला बॉल रफमध्ये (वाढलेल्या गवतात) सापडला, दोन मिनिटांच्या आत. सापडल्यावर तोच खेळावा लागतो. आडव्या फांदीखालून फेअरवेवर काढला, मग 6 आयर्न, मग तीन पट. सहा. एकूण 92.

फेरी 15 चा प्रश्न वहीत लिहून ठेवलाय: 30 फुटांच्या बाहेरून पहिला पट किती फूट अलीकडे थांबतो? 7 आयर्नसारखंच काहीतरी निघणार असा संशय आहे.