डिलीट कोणाला करता येतं?

कोथरूडच्या एका सीए ताईंचा फोन आला. नवीन लॅपटॉपवरून घरच्या नॅसमधले फोल्डर उघडत नव्हते, जुन्यावरून मात्र व्यवस्थित उघडत होते. रिटर्नचे दिवस, त्या घरूनच काम करत होत्या. "लॅपटॉपच खराब निघाला का हो?" एवढीच त्यांची काळजी.

नॅस म्हणजे टीव्हीखालच्या कपाटात, राउटरला वायरने जोडलेला दोन डिस्कचा डबा. घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून, फोनवरून, टीव्हीवरून त्यातल्या फायली दिसतात. ताईंच्या लॅपटॉपवर संदेश होता, की संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न देता आलेल्या पाहुण्याला प्रवेश नाही. घरात कुठली आली संस्था? पण संदेश खरा होता. आधी कोणीतरी सगळे फोल्डर 'गेस्ट'ला मोकळे करून ठेवले होते. ना युजर, ना पासवर्ड. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून असा पाहुणा म्हणून होणारा प्रवेश आपोआप बंद असतो. लॅपटॉप धडधाकट होता, उघडं पडलं होतं ते घर.

विंडोजची ती सेटिंग उलटी फिरवली की दोन मिनिटांत काम होतं. इंटरनेटवर सगळीकडे तोच उपाय सापडतो. मी तो करत नाही. त्या डब्यात ताईंच्या क्लायंटची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं होती, आणि वायफायचा पासवर्ड असलेला कोणीही ती वाचू शकत होता, पुसूही शकत होता.

फोल्डरांची यादी करत बसलो होतो तेवढ्यात ताईंचे सासरे जवळ येऊन बसले. "जमलं तर आमच्या हिच्या भजनांचं बघा." काकूंच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी त्यांनी स्वतः बसून एमपीथ्री करून घेतल्या होत्या. तो फोल्डर दिवाळीपासून गायब होता. कोणीतरी पुसला असणार, असं धरून घरात सगळे गप्प बसले होते. मूळ कॅसेटींना तर बुरशी लागून त्या केव्हाच फेकून झाल्या होत्या.

नॅसवर नावाने शोध लावला. 'भजनी मंडळ' सापडला तो एका क्लायंटच्या जीएसटीच्या फोल्डरमध्ये, मार्चच्या बिलांच्या खाली. माउसने ओढताना हात सुटला की हे असं होतं. एकाच शेअरमध्ये, म्हणजे नॅसवरून वाटलेल्या एकाच मुख्य फोल्डरमध्ये, फोल्डर हलवला तर कॉपी होतच नाही, फक्त जागा बदलते. क्षणात होतं आणि विंडोज काही विचारतही नाही. काकांनी पहिली फाईल लावली. मागून टाळ, पुढे काकूंचा आवाज. ताई काम सोडून बाहेर आल्या.

तो फोल्डर खरंच पुसला गेला असता तर? नेटवर्कवरची फाईल डिलीट केली की ती लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. नॅसचं स्वतःचं बिन असतं, पण ते इथे बंद होतं. "दोन डिस्क आहेत ना?" ताईंनी विचारलं. आहेत, रेड १ मध्ये, म्हणजे एकीवरचं जसंच्या तसं दुसरीवर. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते. पण आपणच पुसलं तर दोन्हींवरून एकदम पुसलं जातं. हे मी प्रत्येक घरात सांगतो आणि प्रत्येक घरात चेहरे पडतात.

मग मांडणी नव्याने केली. गेस्ट बंद, प्रत्येकाचा वेगळा युजर. 'ऑफिस' फक्त ताईंना, इतरांना तो दिसतसुद्धा नाही. 'फोटो' सगळ्यांना वाचायला, लिहायचा हक्क ताईंच्या यजमानांना. मुलाला त्याचा वेगळा फोल्डर, तिथे तो राजा. टीव्हीला स्वतःचा युजर, नुसता वाचण्यापुरता. 'भजनी मंडळ' मी सगळ्यांनाच वाचण्यापुरता ठेवणार होतो, पण काकांना तसं सांगायला जीभ रेटेना. तेच म्हणाले, "मलाही नको डिलीट. मला ऐकायचंय." अशी परवानगी ठरवणारा माणूस मला क्वचित भेटतो. एरवी घरातला प्रत्येकजण पूर्ण हक्क मागतो.

तपासताना नेहमीचा अडथळा आला. विंडोज एकाच नॅसला एका वेळी दोन वेगवेगळ्या युजरनी जोडू देत नाही. विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढली, लॉगआउट करून परत आलो, सुरळीत. कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीवर अडकला होता, तो राउटरकडची जुनी चार तारांची केबल बदलताच शंभरावर गेला.

नॅसचं रिसायकल बिन सुरू केलं, रोज रात्रीचा स्नॅपशॉट लावला, म्हणजे फायलींची त्या क्षणाची स्थिती जपली जाते आणि मागे जाता येतं. तरी डबा जळाला किंवा चोरीला गेला तर हे सगळं त्याच्याबरोबरच जाणार. म्हणून ४ टीबीची एक यूएसबी डिस्क घ्यायला लावली. ताई दर महिन्याला तिच्यावर बॅकअप घेतात आणि डिस्क नणंदेकडे चिंचवडला नेऊन ठेवतात. क्लायंटची कागदपत्रं घराबाहेर जाणार म्हणून डिस्कला एन्क्रिप्शन लावलंय, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येत नाही. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ताईंनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय.