बंद घराची हवा

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीचं पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. तोंड काही तास मोकळं ठेवतात, कंदील खाली सोडून बघतात, मगच माणूस जातो. कोंडलेल्या हवेत हळद टिकते, माणूस नाही. डेन्मार्कमध्ये घरांतल्या हवेवर संशोधन करताना मला हे पेव फार आठवतं.

इथली नवी घरं ऊर्जा वाचावी म्हणून फटच राहणार नाही अशी बांधतात. भिंतीत जाड इन्सुलेशन, खिडकीला तीन-तीन काचा. हिटिंगचा खर्च खरोखर कमी होतो. पण दार लावून दोघं झोपले आणि ताजी हवा येत नसेल, तर पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड सहज 2000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 2000 भाग) वर जातो. बाहेर तो 420च्या आसपास असतो. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच खोलीसाठी 1000ची मर्यादा सुचवली होती. 2000ने जीव जात नाही, घाबरू नका. पण आपणच सोडलेला श्वास आपण पुन्हा घेतोय आणि सोबत रंगाचे, प्लायवूडचे वायूही साचताहेत, हे त्या आकड्यावरून कळतं.

त्यासाठी इथे एक यंत्र बसवतात. बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब ते आत येणाऱ्या थंड हवेला देतं. सुरेख युक्ती आहे! पण झोपायच्या खोलीत त्याची घरघर ऐकू आली की लोक ते बंद करून टाकतात. म्हणून नुसते सेन्सर लावून भागत नाही, राहणाऱ्यांना विचारावंच लागतं. मला कामाचा हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. इथलेच संशोधक फांगर यांनी 1970 मध्ये मांडलेल्या, माणसाला किती तापमान सुखद वाटतं याच्या गणितातसुद्धा, तापमान कितीही नेमकं ठेवलं तरी किमान 5 टक्के लोक नाराज राहतातच.

आपल्या लोकांचं गणित तर आणखी वेगळं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय ऑफिसांत अभ्यास केला. पंखा-खिडकीची सवय असलेल्यांना जास्त तापमानही सोसतं, असं त्यात दिसलं.

अण्णा सध्या सांगलीत विश्रामबागला घर बांधताहेत. बेडरूमला फिक्स काच आणि एसी, असं त्यांना कुणीतरी सुचवलं. मी म्हटलं, "अण्णा, स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही हो, आतलीच गार करून फिरवतो." समोरासमोर खिडक्या, पश्चिमेला रुंद छज्जा आणि पंखा हवाच, असा माझा आग्रह आहे.

"आणि डास?" ते म्हणाले. रास्त आहे. स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, म्हणून बिजागरीची, आतून जाळीचा पल्ला असलेली खिडकी सांगितली आहे. सुताराशी बोलणं चालू आहे.