तांबडी सुर्ल्याचा काळा सुतार

अनमोड घाट उतरला की गोव्यातल्या मोल्यात पातळभाजी-पाव खाल्ल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, हा आम्हा बेळगावकरांचा रिवाज. यंदा तो मोडला. वाटाड्या काकांनी आदल्या रात्रीच फोनवर बजावलं होतं, "उजाडायच्या आत तांबडी सुर्ल्यात पोचा. तुमची न्याहारी होईपर्यंत तो थांबायचा नाही."

'तो' म्हणजे पांढऱ्या पोटाचा काळा सुतारपक्षी. कावळ्याहून मोठा, दीड फुटाच्या आसपास. नराच्या डोक्यावर लालभडक तुरा. सह्याद्रीत आहे, पण विरळाच.

महादेवाच्या कदंबकालीन देवळाजवळून रानात शिरलो. हिरव्यागार झाडांकडं काका बघेचनात, त्यांची नजर वाळक्या खोडांवर. एका वठलेल्या किंदळाखाली ते थांबले. बुंध्याशी बोटभर लांब ढलप्यांचा सडा पडलेला, त्यातल्या काही अजून ताज्या, पिवळसर. जिथं साल उचकटली होती तिथलं लाकूड भुसभुशीत, आत अळ्यांनी पोखरलेल्या नळ्या आणि मुंग्यांची धावपळ. "ही त्याची खानावळ," काका म्हणाले. वर, मान दुखेल इतक्या उंचीवर, ढोलीचं काळं तोंड.

एवढ्या थोरल्या पक्ष्याला घर कोरायचं तर खोडही तसंच जाड हवं: कित्येक दशकं वाढलेलं आणि मग उभ्या उभ्या वठलेलं. काजूच्या बागेत किंवा अकेशियाच्या लागवडीत ते कुठून मिळणार? हिरवं तिथंही दिसतं म्हणा. त्यानं सोडलेल्या ढोलीत पुढं घुबडं, उडत्या खारी संसार थाटतात. त्यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. आपण मात्र वाळलं झाड दिसलं की आधी जळणाचा हिशेब करतो. दक्षिण कोरियात याच जातीच्या पक्ष्याला 'नैसर्गिक स्मारक' म्हणून संरक्षण दिलं होतं. पण जुनी रानं तुटली होती. पक्षी गेला तो गेलाच.

मोल्याच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपं लावता येतात, वठलेला किंदळ कुठल्या रोपवाटिकेत मिळतो?

पक्षी दिसला तो परतताना, ओढ्यापलीकडं. आधी खणखणीत एकच हाक, मग काळ्या पंखांची संथ फडफड आणि पोटाचा पांढरा पट्टा. कॅमेरा पिशवीतच राहिला. काका मात्र खोडावरची बसायची जागा हेरत होते, "मादी असणार, कपाळ काळं होतं."

जायचं असेल तर थंडीत, सकाळी लवकर जा. उन्हं चढली की देवळापाशी सहलीच्या बसगाड्या लागतात.