खोलीत ३९, प्रोसेसरवर ९५

"कूलर घ्यायचाय" म्हटल्यावर आप्पा म्हणाले, "आहे की खिडकीत, अजून एक कशाला?" सोलापुरात मे महिन्यात कूलर म्हणजे पाणी ओतायचा तोच. मला हवा होता तो कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणारा, त्याला पाणी ओतावं लागत नाही हे त्यांना पटवण्यातच एक संध्याकाळ गेली.

माझं मशीन असं: एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, ६ कोर, बी५५० मदरबोर्ड. तो ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, होता. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी मूळ सेटिंगला तो ७६ वॅटपर्यंत खातो. सोबत आलेला रेथ स्टेल्थ हा छोटा कूलर लावून दुपारी तीनला सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवला. खोलीत ३९ अंश. चौथ्या मिनिटाला ९५. ही या चिपची शेवटची हद्द, तिथं पोचली की ती स्वतःच वेग उतरवते. म्हणजे ओव्हरक्लॉक राहिलं बाजूला, आहे तेवढंही निघेना.

मग आठवडाभर रिव्ह्यू बघितले आणि आधी फसलो. "फुल लोडला ६८ अंश" ऐकून खूश व्हायचं नाही. त्यांची खोली २२-२३ अंशांची असते. ६८ मधून २२ वजा करा, उरले ४६. तेवढ्याच वॅटला आपल्या ३९ मध्ये ते ४६ मिळवले की झाले ८५. कूलरचा खरा आकडा हा फरकाचा, बाकी सगळी हवा.

एआयओचा, म्हणजे पंपाने पाणी फिरवून रेडिएटरमध्ये गार करणाऱ्या बंद कूलरचा, मोह झालाच होता. पण त्यातलं पाणीही खोलीच्या हवेपेक्षा गार होत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. आम्ही पूर्व भागात राहतो, खाली शेजाऱ्यांचे चार माग दिवसभर चालतात. सुताचे बारीक तंतू पंख्याच्या पात्यांवर, टीव्हीमागे, सगळीकडे. रेडिएटरच्या फिन, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या, दाट असतात. तिथं सूत बसलं की गोधडीच शिवल्यासारखं होतं. पंपाची काळजी वर आणखी.

म्हणून टॉवर कूलर: फिनचा उभा मनोरा आणि त्याला फॅन, पाणी नाही. नॉक्टुआचा एनएच-डी१५ उंचीला १६५ मिमी, माझ्या कॅबिनेटमध्ये १६० च मावतात. विषय संपला (खिशानेही तेच सांगितलं). थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन सहा हीटपाइपचा (उष्णता फिनपर्यंत नेणाऱ्या नळ्या), जास्त दमदार. पण दोन टॉवर, मधे एक फॅन, आणि सूत नेमकं तिथंच अडकणार. शेवटी डीपकूल एके४०० घेतला: चार हीटपाइप, १२० मिमीचा एकच फॅन, उंची १५५. दोन क्लिपा काढल्या की फॅन हातात येतो, फिनवरून ब्रश फिरवता येतो. दोन-चार अंश जास्त चालतील मला.

बसवताना मात्र घोळ घातला. जुना कूलर सरळ वर ओढला आणि दोघांमधल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला. एएम४ या सॉकेटच्या प्रोसेसरांना पिना खाली, प्रोसेसरलाच असतात. तीन वाकल्या. बारीक शिशाच्या पेन्सिलीचं रिकामं टोक पिनेवर चढवून हळूहळू सरळ केल्या, तोवर जेवायला दोनदा हाका आल्या. तुम्ही काढणार असाल तर आधी दहा मिनिटं लोड देऊन पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे पिळून सुटा करा.

आता आकडे. सगळ्या कोरांना ४.६ गिगाहर्ट्झ, १.२५ व्होल्ट: रात्री खोलीत ३३ असताना प्रोसेसर ८० अंश, दुपारी ३९ ला ८७. अर्धा तास टिकलं. ४.७ साठी १.३२ व्होल्ट मागायला लागला आणि दुपारी ९४ दिसले. व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत उष्णता वाढते, १०० मेगाहर्ट्झसाठी एवढं कोण देणार? मागे आलो. उलट दुपारपुरतं ४.५ ला १.१८ व्होल्ट ठेवलंय: ८१ आणि फॅनचा आवाजही कमी.

पुढच्या फॅनसमोर मच्छरदाणीची जाळी डबल करून लावली. दोन अंश वाढले, पण पंधरा दिवसांत तिच्यावर जमलेलं सूत बघितलं आणि ते दोन अंश पचले. खाली माग बंद असतील त्या दिवशी ती धुवायची, असं ठरवलंय. आता कर्व्ह ऑप्टिमायझर (वेगानुसार लागणारं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे १५ पासून सुरू करतोय, लाइट नाही गेली तर.