आमची वाटचाल: पंपाच्या वायंडिंगपासून वाह पेडलच्या कॉइलपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांनी मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे खानापूर, चंदगड भागातले शेतकरी. जळालेला पंप सकाळी यायचा आणि ऊस वाळतोय म्हणून लगेच परत हवा असायचा. गेज, वेढे, स्लॉटमधला कागद, वार्निश हे सगळं मी आणि माझा भाऊ तिथंच शिकलो. आज आम्ही गिटारची वाह पेडलं बनवतो, म्हणजे पाय हलेल तसा गिटारचा आवाज ‘वा-ह’ असा बदलणारी पेटी. पूर्वीही तारच गुंडाळत होतो, आता ती बारीक झाली आहे एवढंच.

ओढ लागली ती बेंजो पार्टीवाल्यांमुळे. मिरवणुकीत इलेक्ट्रिक बेंजोला वाह लावून वाजवणारी मंडळी पेडलं दुरुस्तीला आणायची. पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे फिरवून बदलायच्या रेझिस्टरमध्ये (आमच्या भाषेत ‘पॉट’), गुलाल शिरला की पाय हलेल तशी खरखर. पेडलं उघडता उघडता सर्किट उमगत गेलं. 1966 मध्ये अमेरिकेतल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या तरुण इंजिनिअरच्या हातून ते घडलं. त्यातली साधारण 500 मिलीहेन्रीची कॉइल बदलत नाही. पायानं फिरणारा पॉट ट्रान्झिस्टरच्या मदतीनं 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सर्किटला कमी-जास्त मोठा भासवतो आणि रेझोनन्स, म्हणजे सर्किट ज्या फ्रिक्वेन्सीला उठाव देतं ती जागा, त्याबरोबर सरकतो. फार हुशारीची रचना आहे ती, आजही तिच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पण आम्ही पडलो वायंडिंगवाले. कपॅसिटरला राहू दे, कॉइलच बदलती ठेवली तर? पॉट गेला की खरखरही गेली.

हिशेब मात्र कडक आहे. फ्रिक्वेन्सी तिप्पट करायची तर इंडक्टन्स (कॉइलचं हेन्रीत मोजलं जाणारं माप) नऊपट कमी व्हावा लागतो. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरला, तर 500 हर्ट्झला 1 हेन्री लागतो आणि 1500 हर्ट्झला जेमतेम 110 मिलीहेन्री. कॉइलमध्ये फेराइटची (चुंबकीय सिरॅमिकची) कांडी आत-बाहेर सरकवून एवढा पल्ला आम्हाला मिळेना. मग कॉइल आत घेऊन मिटणाऱ्या फेराइटच्या दोन वाट्या घेतल्या. याला ‘पॉट कोअर’ म्हणतात, वरच्या पॉटशी याचा संबंध नाही. टाच दाबली की वाट्या जवळ, पंजा दाबला की लांब.

इथं खरी मेहनत लागली. वाट्या अगदी चिकटलेल्या असतील तर केसाएवढ्या फटीनंही इंडक्टन्स धाडकन पडतो. पुढं कितीही उघडा, फारसं हलत नाही. म्हणजे सगळा ‘वाह’ पायाच्या पहिल्या हालचालीतच संपतो. भावानं मोटरच्या स्लॉटमध्ये घालतो तोच पॉलिस्टर कागद कापून वाट्यांमध्ये ठेवला. सुरुवातीचा इंडक्टन्स त्यामुळे कमी होतो, म्हणून वेढे वाढवले, पण प्रत्येक पेडल एकाच जागेवरून सुरू व्हायला लागलं. मग शेजारच्या टर्नरकडून पितळी कॅम (पायाच्या हालचालीनं वाट्या उचलणारा वळणदार तुकडा) करून घेतला: सुरुवातीला हळू उचलणारा, पुढं भरभर. ते कन्नडमध्ये माप सांगायचे, मी मराठीत लिहून घ्यायचो. कॅमचा तो वळसा हाच आमच्या पेडलचा आवाज आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

उघडी फट आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची 50 हर्ट्झची गुणगुण उचलते. त्यावर उपाय आमच्या गावातच होता. बेळगाव म्हणजे फाउंड्र्यांचं गाव. आम्ही पेडलची पेटीच बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ओतून घेतली. बीड चुंबकीय असल्यानं गुणगुण बरीच अडते. मात्र कोअर पेटीच्या भिंतीपासून लांब बसवावा लागतो, नाहीतर बीडच इंडक्टन्स बदलतं. पेटी जड आहे, पण स्टेजवर सरकत नाही. निपाणीच्या एका ऑर्केस्ट्रातल्या गिटारिस्टनं ती पहिल्यांदा पायाखाली घेतली आणि म्हणाला, ‘‘दादा, ही ट्रकवर नाचली तरी हलायची नाही.’’

सध्या टेबलावर दुसरा प्रकार आहे: त्याच कोअरवर एक जादा वायंडिंग. त्यात डीसी सोडला की फेराइट संपृक्त होत जातं, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासं होतं, आणि काही न हलता इंडक्टन्स उतरतो. 9 व्होल्टच्या बॅटरीला तो करंट झेपत नाही, म्हणून हे मॉडेल फक्त अडॅप्टरवर चालणारं करतोय. बेंजोवाल्यांना बॅटरीच लागते. त्यांच्यासाठी कॅमचंच पेडल चालू राहील.