खिडकी नंबर ४ च्या साहेबांसाठी

काल दुपारी कपडे मशीनला लावताना नवऱ्याच्या पँटच्या खिशात टोकनचा कागद सापडला, चुरगळलेला, आकडा अर्धा उडालेला, आणि तो बघितल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. परदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको. परमिट रिन्यू करायचं ऑफिस, खिडकी नंबर ४, आणि काचेपलीकडचे ते साहेब.

साहेब ओरडत नाहीत हं. ओरडले असते तर बरं, निदान बाहेर येऊन आपण चिडलो तरी असतो. ते पेनाच्या टोपणाने आपला फॉर्म हळूहळू आपल्याकडे परत सरकवतात, हात लावत नाहीत. मागच्या खेपेला ते टोपण धर्माच्या रकान्यावर थांबलं, ख्रिश्चन या शब्दावर टकटक झालं आणि मग एक कागद कमी निघाला. कुठला ते सांगेनात, बोर्डावर वाचा म्हणाले. बोर्डावर तसला कागद नव्हताच.

त्या रात्री प्रार्थनेला बसलो तर नवरा म्हणाला, आज साहेबांसाठी प्रार्थना करूया. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात सरळच लिहिलंय, वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, पळवाट काही ठेवलेली नाही. पण मागायचं काय? आमच्या तोंडून आधी निघालं ते असं, प्रभू, साहेबांचं मन मऊ कर, त्यांना न्यायाने वागायची बुद्धी दे. ऐकायला किती छान! पण ही कसली त्यांच्यासाठीची प्रार्थना, ही तर आमचीच तक्रार, फक्त त्यांच्याही वरच्या साहेबाकडे केलेली.

ह्यात माझी आजी उस्ताद होती. शेजारच्या काकूंशी अबोला असला की तिची संध्याकाळची प्रार्थना जरा वरच्या पट्टीत व्हायची, तीही खिडकीकडे तोंड करून. ‘हे दयाळू बापा, जे जिन्यात स्वतःचा कचऱ्याचा डबा ठेवतात त्यांना क्षमा कर.’ मी एक डोळा किलकिला करून बघायचे, पलीकडे काकूंच्या घरात भांड्यांचा आवाज एकदम थांबायचा. आमेन झाल्यावर आजी इतकी फ्रेश दिसायची की विचारू नका. डबा मात्र शेवटपर्यंत जिन्यातच होता.

तशी साहेबांसाठी एक तयार प्रार्थना पवित्र शास्त्रात आहेच. स्तोत्र १०९, वचन ८. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसऱ्याला मिळो. म्हणजे चक्क बदलीची प्रार्थना! पाठ करायला घेतलं नव्हतं, झालं आपोआप. पण पुढच्याच वचनात त्याची मुलं पोरकी होवोत असं आहे आणि तिथे माझी जीभ अडते, कारण साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली कुठल्यातरी लहान मुलाने काढलेला हत्ती आहे. हिरवा, पाच पायांचा, का पाचवी सोंड असेल.

रांगेत उभी असले की मला बायबलातला नहेम्या आठवतो, पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, ज्याला यरुशलेमचा पडका तट बांधायला जायचं होतं. राजाने त्याला विचारलं तुला काय हवंय, आणि ह्याने उत्तर द्यायच्या आत उभ्याउभ्याच प्रार्थना केली, मग किती दिवसांची रजा ते सांगितलं, वाटेतल्या सुभेदारांच्या नावाने पत्रं मागितली, लाकडासाठी राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावाने वेगळं पत्र. इ.स.पूर्व ४४५ च्या सुमाराची गोष्ट आहे ही, आणि माणसाची डॉक्युमेंट लिस्ट तयार! त्याचा राजा भला होता हे मात्र खरं. यिर्मया संदेष्ट्याचं पत्र मला जास्त झेपतं, बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या आपल्या लोकांना त्याने लिहिलं की त्या नगरासाठी प्रार्थना करा, त्याचं भलं त्यातच तुमचं भलं. थोडा स्वार्थ चालतो म्हणायचा.

हल्ली आम्ही साहेबांच्या कंबरेसाठी प्रार्थना करतो. दुसरं त्यांच्याबद्दल माहीतच काय आहे? खुर्चीतून उठताना ते डावा हात कंबरेवर दाबून धरतात, एवढंच दिसतं. हत्तीवाल्या पोरासाठीही करतो, ते आमची लेक न विसरता घालते. परवा खिडकीशी गेले तर माझी नजर आधी कंबरेकडेच गेली, मग फॉर्मकडे. कंबर तशीच होती आणि कागदही अजून कमीच होता.

कधीतरी मिळेलच परमिट. आणि मग साहेब आमच्या प्रार्थनेतून जातील हेही मला माहितीये. ह्यांच्या आधी त्याच खिडकीवर एक बाई होत्या, लेकीला रांगेत बसायला स्वतःची खुर्ची द्यायच्या, चुकलेला फॉर्म स्वतः पेन्सिलने खुणा करून द्यायच्या. त्यांच्या बॅजवर नाव होतं, मी कधी वाचलं नाही. काम झालं की फाइल उचलायची, थँक्यू म्हणायचं आणि निघायचं. त्यांच्यासाठी आम्ही एकदाही प्रार्थना केली नाही.