जेलीफिश खारवताना: पहिले काही तास आणि पुढचा महिना

रोपिलेमा हिस्पिडम ही आपल्या पश्चिम किनाऱ्याला मिळणारी मोठी, खाण्याजोगी जेलीफिश. छत्री दीड-दोन फूट भरते आणि हातमोज्यातूनही वाळूसारखी खरखर हाताला लागते. आपण ती खात नाही, पण चीन-जपानकडे खारवलेल्या जेलीफिशला चांगली मागणी असते.

या कामात माल बनतो किंवा बिघडतो तो पहिल्या काही तासांतच. अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी. होडीत उन्हात पडून राहिली की पाझरते, मऊ पडते. मग तुरटी कितीही टाका, कुरकुरीतपणा येत नाही. म्हणून होडीतच सावली धरतो, वर समुद्राचं पाणी मारत राहतो आणि उतरल्या उतरल्या कापायला घेतो.

छत्री आणि खालचे आठ हात वेगळे करायचे. आतला जननग्रंथींचा भाग काढायचा, बुळबुळीत थर बोथट पट्टीने खरवडायचा, समुद्राच्याच पाण्यात धुवायचं. मेलेली जेलीफिशही डंख मारते. लांब बाह्या हव्यात, आणि त्या हाताने डोळा चोळायचा नाही म्हणजे नाही.

मग टाकीत थर लावतो. दहा किलो मिठाला एक किलो दळलेली तुरटी, तीन-चार दिवस. त्या पाण्यातून काढून पुन्हा कोरडं मीठ, या वेळी तुरटी कमी. असे दोन-तीन फेर होतात. मीठ पाणी ओढतं; तुरटी आंबटपणा वाढवून प्रथिनं घट्ट करते. तुरटी कमी पडली तर माल लिबलिबीत होऊन वास मारतो. जास्त झाली तर तोंड तुरट होतं, शिवाय ॲल्युमिनियम मालात उरतं. म्हणून मी तुरटी अंदाजाने घालत नाही, वजन करूनच घालतो.

शेवटी चळत रचून दोन-तीन दिवस निथळवायचं. खालच्या चकत्यांवर भार येतो, तेव्हा चळत मधूनमधून उलटी करावी लागते. सगळं मिळून २० ते ४० दिवस जातात आणि १०० किलो ओल्या मालाचे ७ ते १० किलो उरतात.

चांगली चकती पांढुरकी असते आणि तुकडा दाताखाली कर्र वाजतो. जुनी होत जाते तशी पिवळी पडते. तपकिरी झाली की टाकून द्यायची. खाण्याआधी रात्रभर गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत खारटपणा काढायचा. बारीक कापून गरम पाण्यातून काही सेकंदच काढायची; जास्त ठेवली तर आक्रसून रबरासारखी होते.